बोटांनी वाचायचा कणा

सिझेरियनसाठी आत घेतलेली बाई टेबलावर पाय सोडून बसते. पाठ बाहेर काढा, हनुवटी छातीला टेकवा, असं तिला सांगितलं जातं. मागे उभे असलेले भूलतज्ज्ञ आधी बोटं ठेवतात ती कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांवर. या कडा जोडणारी रेघ पाठीवर मनातल्या मनात ओढली, की ती साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. त्याच्या लगतच्या फटीत सुई जाते. एक्स-रे नाही, बहुतेक वेळा सोनोग्राफीही नाही.

जागा तिथेच का? तर मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत कणा आणि मज्जारज्जू सारख्याच लांबीचे असतात; पुढे कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे पडतो. त्याखाली उरतो तो पाण्यासारख्या द्रवात सुटा लोंबणारा मज्जातंतूंचा झुबका. सुई कातडीतून, मग मणक्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या अस्थिबंधांतून पुढे सरकते. शेवटच्या पिवळ्या, चिवट अस्थिबंधातून पार होताना हाताला अडथळा सुटल्याचं कळतं. आतली सळई काढली की सुईच्या तोंडाशी नितळ थेंब येतो. मग औषध.

ही वाट १८९८ साली जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बियर या शल्यविशारदाने भुलीसाठी वापरली. औषध होतं कोकेन. पुढे त्याने आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने एकमेकांवरच प्रयोग करायचं ठरवलं. हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडीचे घाव घातले तरी त्याला दुखलं नाही. त्यानंतर मात्र डोकेदुखीने दोघेही बेजार झाले. सुईच्या भोकातून द्रव झिरपत राहिला की असं डोकं दुखतं. आताच्या केसासारख्या बारीक सुयांनी हा त्रास पुष्कळच कमी केला आहे.

बाळंतपणानंतर कंबर धरली की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, ‘पाठीत इंजेक्शन दिलं ना, त्याचंच हे!’ टोचल्या जागी काही दिवस ठणकतं, हे खरं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा या सुईशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. गरोदरपणातच सैल पडलेले अस्थिबंध, पोटाचे ताणलेले स्नायू आणि दिवसभर वाकून बाळाला घेणं यांच्याकडे आधी पाहायला हवं. सुईला दोष देऊन मोकळं झालं की त्या बाईला व्यायाम आणि विश्रांती मिळायची राहून जाते, आणि हे नुकसान मोठं आहे.

मणक्यांमधल्या गाद्यांचं दुखणं वेगळं. त्या असतात २३. कवटी आणि पहिला मणका यांच्यात नाही, पहिल्या-दुसऱ्यातही नाही. बाहेर तंतूंची कडी, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. दिवसभराच्या भाराने त्यांतलं पाणी थोडं निघून जातं आणि संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटका भरतो. रात्री आडवं झाल्यावर ते परत भरतं. प्रौढ वयात गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या हाडातून पाझरेल तेवढ्यावरच तिचं भागतं, म्हणून दुखावलेली गादी लवकर भरून येत नाही.

पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या जोडलेल्या. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने छातीच्या हाडाला भिडतात, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला लागतात, शेवटच्या २ पुढून मोकळ्या. श्वास घेताना खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात आणि छाती रुंदावते.

इथेही मोजणी बोटांनीच होते. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाआड लपलेली असते, म्हणून तिच्यापासून मोजत नाहीत. छातीच्या हाडावर, गळ्याच्या खळगीखाली सुमारे पाच सेंटिमीटरवर, आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून खाली मोजत गेलं की पाचव्या फटीत, डावीकडे, हृदयाचा ठोका बोटाला लागतो. फुप्फुसाभोवतीचं पाणी काढताना मात्र सुई बरगडीच्या वरच्या कडेला धरूनच घालतात, कारण शीर, धमनी आणि मज्जातंतू प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खाचेतून जातात.