घरच्या घरी डॅशकॅम बसवताय? कॅमेरा सोपा, वीजजोडणी नीट समजून घ्या

गेल्या दिवाळीत आम्ही चार दिवस एसटीने गावी गेलो होतो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभी. परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’. बॅटरी पूर्ण उतरलेली! शेजारच्या काकांनी जंपर केबल लावून दिली म्हणून कसेबसे वेळेत पोहोचलो. बॅटरी खाल्ली कोणी? दोन आठवड्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने बसवलेल्या डॅशकॅमने. कॅमेरा चांगलाच होता, चूक माझी होती. ती तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

माझं चुकलं कुठे?

डॅशकॅमला वीज दोन प्रकारे देता येते. पहिला प्रकार म्हणजे लायटरचा सॉकेट. बहुतेक गाड्यांत चावी काढली की तो बंद होतो आणि कॅमेराही बंद. दुसरा प्रकार म्हणजे हार्डवायर किट. ते गाडीचे १२ व्होल्ट ५ व्होल्टवर आणतं. त्याला तीन वायरी असतात: एक कायम चालू असलेल्या फ्यूजला, दुसरी चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी बॉडीला, म्हणजे अर्थिंगला. दुसऱ्या वायरीतली वीज गेली की कॅमेऱ्याला कळतं, गाडी उभी आहे. मग तो पार्किंग मोडमध्ये जातो.

आता हिशोब बघा. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा पाव अँपिअर घेतो असं धरलं, तर २४ तासांत ६ अँपिअर-अवर खर्च होतात. चार दिवसांत २४. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरीच साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. मग स्टार्टरला काय उरणार?

यासाठीच किटमध्ये कट-ऑफ असतो. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती निम्म्यावर आलेली असते आणि ११.८ ला जवळपास रिकामी. माझ्या किटचा कट-ऑफ ११.८ वर होता आणि मी तो बघितलाच नव्हता! आता तो १२.४ वर ठेवलाय. जास्त दिवस बाहेर जायचं असेल तर सरळ पार्किंग मोड बंद करतो.

बसवायचं कसं?

१. कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे लावा. वायपर फिरतो त्या भागात तो यायला हवा आणि तुमच्या नजरेआड काही येता कामा नये. काच आधी नीट पुसून कोरडी करा.

२. वायर छताच्या अस्तरात बोटाने दाबत कडेपर्यंत न्या. पुढच्या खांबाची पट्टी मात्र जपून. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत वायर एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना अडथळा होऊ शकतो. खात्री वाटत नसेल तर एवढं काम मेकॅनिककडून करून घ्या.

३. फ्यूज बॉक्सचा नकाशा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तरीही मल्टीमीटर लावून बघाच. चावी बंद असतानाही १२ व्होल्ट दिसले तर तो कायमचा फ्यूज. काही फ्यूज गाडी लॉक केल्यावर थोड्या वेळाने बंद होतात, म्हणून वीसेक मिनिटांनी परत तपासा.

४. मूळ वायर कापू नका, सोलू नका. फ्यूज टॅप वापरा आणि त्यात मूळ फ्यूज तितक्याच अँपिअरचा ठेवा. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या फ्यूजना हात लावायचा नाही.

५. अर्थिंगची वायर रंग नसलेल्या धातूवरच्या बोल्टला घट्ट आवळा.

कार्ड आणि ऊन

डॅशकॅम जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन लिहीत राहतो. या सततच्या लिखाणाने साधं मेमरी कार्ड लवकर खराब होतं, म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डच घ्या आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत काचेजवळ प्रचंड तापतं. लिथियम बॅटरीपेक्षा सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा तिथे जास्त टिकतो.

अपघात झालाच तर आधी कार्ड काढून बाजूला ठेवा, नाहीतर तेच रेकॉर्डिंग पुसलं जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप म्हणजे मूळ फाइल नव्हे. कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. मूळ कार्ड जपून ठेवलेलं असलं की ते काम सोपं जातं.

सगळं झालं की लगेच हात झटकून मोकळे होऊ नका. संध्याकाळी गाडी बंद केल्यावर तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवण्याआधी बॅटरीचे व्होल्ट मोजा. आकडा १२.४ च्या आसपास किंवा वर असेल, तर समजा काम जमलं. मी हे दोन मिनिटांचं मोजमाप केलं नव्हतं, म्हणून त्या सकाळी आईला पार्किंगमध्ये ताटकळत उभं राहावं लागलं.