हाड जुळले, पण ‘सी’ची कावीळ तशीच राहिली!

मोंढ्यात पोते उचलताना पडलेला हमाल असो, सळईच्या कारखान्यात भाजलेला कामगार असो की रस्त्यावर जखमी झालेला मोटारसायकलस्वार असो, शस्त्रक्रियेची वेळ आली की त्याचे रक्त तपासले जाते. रक्तगट आणि साखरेबरोबरच एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांचीही तपासणी होते. ‘सी’चा अहवाल सदोष आला तर केसपेपरवर लाल शाईने नोंद होते आणि कर्मचारी अधिक काळजी घेतात. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, रुग्ण घरी जातो. मात्र रक्तात काय सापडले हे त्याला समजावून सांगायचे पुष्कळदा राहून जाते.

काही वर्षांपूर्वी घनसावंगी तालुक्यातील पंचेचाळिशीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. पोटात पाणी झालेले, पायांवर सूज. जुनी कागदपत्रे चाळताना एका दवाखान्याचे नऊ वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड हाती लागले. तेव्हा त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते. कार्डाच्या कोपऱ्यात इंग्रजीत ‘एचसीव्ही रिअॅक्टिव्ह’ असे लिहिलेले होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आम्हाला वाटलं हाडाचंच काही असंल. पाय बरा झाला, कागद पेटीत ठिवला.” त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. गोळ्यांनी विषाणू गेला, पण कडक झालेले यकृत पूर्ववत झाले नाही. नऊ वर्षे आधी उपचार मिळाले असते तर ही वेळ बहुधा आली नसती.

हा आजार गुपचूप वाढतो

हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. तो रक्तावाटे पसरतो. न उकळलेली किंवा पुन्हा वापरलेली सुई, जत्रेतील गोंदणे, दुसऱ्याचे वस्तरे आणि नशेची इंजेक्शने हे त्याचे मार्ग होत. रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी २००१ च्या सुमारास सक्तीची झाली. त्यापूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले, त्यांनी एकदा तपासून घेतलेले बरे. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने हा रोग होत नाही. म्हणून घरातल्या माणसाचे ताट-तांब्या वेगळा करू नये.

डोळे पिवळे होतीलच असे नाही. वीस-पंचवीस वर्षे काहीच त्रास जाणवत नाही आणि आतल्या आत यकृत कडक होत जाते. पुढे जलोदर, रक्ताची उलटी, कधी यकृताचा कर्करोग होतो. काविळीच्या माळेने किंवा झाडपाल्याने हा विषाणू जात नाही. या रोगावर लसही नाही.

अहवाल सदोष आला तर?

पहिली तपासणी एवढेच सांगते की विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता. काही जणांच्या शरीरातून तो आपोआप जातो, तरी ही तपासणी सदोषच येत राहते. म्हणून दुसरी, ‘व्हायरल लोड’ची तपासणी आवश्यक असते. तिच्यात विषाणू आढळला तरच उपचार लागतात.

पूर्वी इंटरफेरॉनची महागडी इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत आणि त्यांचा त्रासही फार होई. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत. यकृत फारसे बिघडलेले नसेल तर साधारण बारा आठवड्यांचा उपचार पुरतो आणि शंभरातले पंच्याण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जालना जिल्ह्यातील रुग्णांनी प्रथम जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून लंडनसह काही भागांतील अपघात विभागांत, रुग्णाने नकार दिला नाही तर, इतर रक्ततपासणीबरोबर हीही तपासणी केली जाते आणि सदोष अहवालाच्या रुग्णाला बोलावून उपचाराकडे नेले जाते. आपल्याकडे शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी होतच असते. उणीव आहे ती पुढच्या पावलाची. डिस्चार्जच्या वेळी मराठीत एक चिठ्ठी, नातेवाइकाचा फोन नंबर आणि कुठे जायचे त्याचा पत्ता, एवढे केले तरी पुष्कळ साधेल.

वाचकांनी एवढे करावे :

● घरात कोणाची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झाले असेल तर जुने कार्ड काढून ‘एचसीव्ही’पुढे काय लिहिले आहे ते डॉक्टरांकडून वाचून घ्यावे.

● सदोष अहवाल असेल तर व्हायरल लोड तपासावा. दारू पूर्ण बंद करावी.

● गोळ्या मध्येच सोडू नयेत. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे.

● बरे झाल्यावरही दूषित सुईने हा रोग पुन्हा होऊ शकतो. इंजेक्शन घेताना सुई नवी आहे ना, हे विचारायला संकोचू नये.