आठ माणसं, एक तास

ठाण्याच्या माजिवडा-घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांत सहलीच्या गप्पा आता सिंगापूर-दुबईवर थांबत नाहीत. मध्ये मसाईमारा आलं. हल्ली कुणीतरी युगांडाला जाऊन गोरिला बघून आलेलं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये युगांडा एअरलाइन्सनं मुंबई-एंटेबी थेट विमान सुरू केलं, त्यामुळे वाटेत विमान बदलणंही टळलं. उरतो तो पीतज्वराच्या लशीचा सोपस्कार. निघण्याआधी किमान दहा दिवस ती टोचून घ्यायची आणि पिवळं कार्ड जपायचं. नाहीतर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अडकायची पाळी येते.

मसाईमाराचा सिंह जीपमध्ये बसून दिसतो. गोरिलासाठी मात्र गुडघे शाबूत लागतात. युगांडाच्या नैऋत्य टोकाला ब्विंडीचं जंगल आहे, ३२१ चौरस किलोमीटरचं, सगळं चढउतारांचं आणि निसरडं. परवाना ८०० डॉलरचा, म्हणजे साधारण सत्तर हजार रुपये. माग काढणारे पहाटेच पुढं जातात. गोरिला रोज संध्याकाळी पानाफांद्यांची नवी शेज रचतात. कालची शेज सापडली की तिथून मोडलेल्या फांद्या, चघळून टाकलेले देठ, ताजी लीद बघत बघत कळपापर्यंत पोचायचं आणि मागच्यांना वॉकीटॉकीवर कळवायचं. एका कळपाला दिवसाला आठच पाहुणे, तेही तासभर. तास भरला की वाटाड्या उठवतो. सत्तर हजार मोजलेत म्हणून पाच मिनिटंही वाढवून मिळत नाहीत. पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. सर्दी-खोकला असेल तर घरीच बसा. कोविडनंतर तोंडाला मास्क आणि दहा मीटर अंतर.

एवढा कडकपणा उगाच नाही. १९९३ मध्ये इथं पर्यटन सुरू झालं आणि १९९६ मध्ये माणसांना सरावलेल्या एका कळपात खरूज शिरली. ती माणसांकडूनच आली असावी असा निष्कर्ष निघाला. एक पिल्लू दगावलं, बाकीचे औषधानं वाचले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढं २००३ मध्ये संस्थाच काढली. गावकऱ्यांचं आरोग्य आणि गोरिलांचं आरोग्य ती एकत्रच सांभाळते. २०१८च्या गणनेत ब्विंडीच्या भागात ४५९ गोरिला मोजले गेले. विरुंगा डोंगरातले धरून पर्वतीय गोरिला हजारावर गेले.

आता आपलं येऊर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. माजिवड्याहून रहदारी नसेल तर रिक्षानं वीसेक मिनिटं. हे उद्यान शंभराहून थोडं अधिक चौरस किलोमीटरचं, ब्विंडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि चहूबाजूंनी शहर. तरी कॅमेऱ्यांनी २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे टिपले. त्यातला एखादा आपल्याकडेही डोकावतो: २० फेब्रुवारी २०१९च्या पहाटे बिबट्या कोरम मॉलच्या आवारात फिरला आणि जवळच्या हॉटेलच्या तळघरात सापडला. दोन दिवस ठाणे त्यावरच बोलत होतं. माकडांचं मात्र कुणाला अप्रूप नाही. ब्विंडीत शिंक दाबून धरणारा ठाणेकर येऊरच्या रस्त्यावर गाडीची काच खाली करून माकडाला ग्लुकोज बिस्किटाचा आख्खा पुडा देतो, वर पुण्य लागलं असंही समजतो. वानराचा रोग माणसाला आणि माणसाचा वानराला, हे गणित गोरिलापुरतंच आहे असं त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

पण ब्विंडीचंही सगळंच गोड नाही. १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथल्या बात्वा लोकांना जंगलाबाहेर काढलं, आणि आज परवान्यामागं दहा डॉलर शेजारच्या गावांसाठी बाजूला निघत असले तरी त्यातून बात्वांच्या पदरात फारसं पडत नाही. येऊरचे वारली निदान पाड्यांवर टिकून आहेत. पण शनिवारी वर येणाऱ्या गाड्यांतला पैसा मला दिसतो तो हॉटेलं आणि बंगल्यांकडेच वळताना. पाड्यातल्या पोराला मिळते ती फार तर राखणदारी. वाघोबा देवाचं ठाणं कुठं आणि बिबट्या कोणत्या ओढ्यानं खाली उतरतो हे घरात ऐकत वाढलेली ही पोरं. त्यांच्यातलं एक सोबत असल्याशिवाय कुणालाही रानवाटेवर सोडू नये, आणि त्याच्या मजुरीची पावती फाटकावरच फाडावी.