हॉप्स : वाणाआधी अक्षांश पाहावा
बिअरसाठी हॉप्सचा वाण निवडताना प्रथम अल्फा आम्लांचे प्रमाण पाहतात. ११ ते १६ टक्क्यांचा ‘मॅग्नम’ कडवटपणासाठी, तर ३ ते ५ टक्क्यांचा ‘साझ’ सुगंधासाठी वापरला जातो. रायपूरच्या शंकर नगरातील परसबागेत मात्र आधी अक्षांश विचारात घ्यावा. येथे, सुमारे २१ अंश उत्तरेस, सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांचाच असतो. हॉप्सची व्यापारी लागवड प्रामुख्याने ३५ ते ५५ अंशांदरम्यान होते. भारतात हे पीक हिमाचलातील लाहौल खोऱ्यात घेतले गेले. आखूड दिवसांत वेल पुरेशी वाढण्यापूर्वीच फुलते व उत्पादन घटते. ब्राझीलमध्ये कृत्रिम प्रकाशाने दिवस लांबवतात. तो खर्च हिशेबात धरावा. म्हणून प्रथम मोजक्या मादी रोपांवर चाचणी घ्यावी. फुलोऱ्याच्या वेळची वेलीची उंची आणि वाळलेल्या फुलशंकूंचे वजन नोंदवूनच लागवड वाढवावी.