प्रतिकृत साठवणीतील मंद लेखन

प्रतिकृत साठवणीतील मंद लेखन : एका भौतिक संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण केलेल्या व स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संगणकांना आभासी सर्व्हर म्हणतात. अशा सर्व्हरची माहिती एकाच यंत्रावर न ठेवता दोन वा अधिक यंत्रांवर एकाच वेळी नोंदविण्याच्या व्यवस्थेस प्रतिकृत साठवण म्हणतात. एक यंत्र बंद पडले, तरी दुसऱ्यावरील प्रतीच्या आधारे काम पुढे चालू ठेवता येते, हा या व्यवस्थेचा प्रमुख लाभ होय. वाचन कोणत्याही एका प्रतीवरून होऊ शकते. लेखन मात्र सर्व प्रतींवर करावे लागते. त्यामुळे वाचन वेगाने होत असताना लेखन अतिशय संथ होणे, हा अशा व्यवस्थेत वारंवार आढळणारा दोष आहे. त्याचे निदान घाईने केल्यास वेग वाढतो. पण ज्या सुरक्षिततेसाठी प्रतिकृती ठेवलेली असते तीच नाहीशी होते.

या प्रकारच्या दोन प्रणाली विशेष प्रचारात आहेत. डीआरबीडी ही प्रणाली फिलिप राइसनर यांनी व्हिएन्ना येथे विकसित केली व २०१० मध्ये लिनक्स गाभ्याच्या २.६.३३ या आवृत्तीत तिचा समावेश झाला. तीत एका यंत्रावरील तबकडीचे प्रतिबिंब जाळ्यामार्फत दुसऱ्या यंत्रावर राखले जाते. सेफ ही प्रणाली सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत विकसित केली व तिचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत माहितीचे तुकडे अनेक यंत्रांवर विखुरलेले असून सामान्यतः प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवतात.

लेखनाचा मार्ग व पोच : आभासी सर्व्हरने लिहिलेला मजकूर प्रथम यजमान संगणकाकडे, तेथून स्थानिक तबकडीकडे व त्याच वेळी जाळ्यातून दुसऱ्या यंत्राकडे जातो. मजकूर सुरक्षित झाल्याची पोच सर्व्हरला केव्हा द्यावयाची, यावर लेखनाचा वेग मुख्यतः अवलंबून असतो. डीआरबीडीमध्ये याचे तीन पर्याय आहेत. ‘अ’ पर्यायात स्थानिक लेखन पूर्ण होऊन मजकूर जाळ्याकडे सुपूर्त होताच पोच मिळते. ‘ब’ पर्यायात तो दुसऱ्या यंत्राच्या स्मृतीत पोहोचल्यावर, तर ‘क’ पर्यायात दोन्ही तबकड्यांवर लेखन झाल्यावर पोच मिळते. ‘क’ हा सर्वांत सुरक्षित व सर्वांत संथ पर्याय होय. सेफमध्येही संबंधित सर्व प्रतींचे लेखन पूर्ण झाल्यावरच पोच दिली जाते. म्हणून अशा व्यवस्थेचा वेग तिच्यातील सर्वांत मंद घटकाइतकाच असतो.

विलंब व वहनदर : एका लेखनास लागणारा वेळ म्हणजे विलंब व एका सेकंदात वाहून जाणारी माहिती म्हणजे वहनदर. या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्यामुळे निदानात चुका होतात. एक लेखन पूर्ण झाल्याशिवाय दुसरे सुरू करता येत नसेल व प्रत्येकास १ मिलिसेकंद लागत असेल, तर सेकंदास १,००० लेखने होतात. प्रत्येक लेखन ४ किलोबाइटचे असल्यास वहनदर सु. ४ मेगाबाइट इतकाच भरतो. जाळ्याची क्षमता दहापट केली, तरी हा आकडा फारसा बदलत नाही. तीच लेखने ३२ च्या समूहाने एकाच वेळी मार्गस्थ करता आली व विलंब तेवढाच राहिला, तर वहनदर सु. १३० मेगाबाइटपर्यंत जातो. बँकेतील व्यवहारांसारख्या नोंदी क्रमानेच कराव्या लागत असल्याने त्यांना विलंबाचा जाच अधिक होतो. मोठ्या फायलींच्या नकलेला तो तितका जाणवत नाही.

मंदतेची कारणे : (१) तबकडी : मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय तबकडीस एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेली, प्रत्येक वेळी कायम करावी लागणारी लेखने सेकंदास शंभराच्या आसपासच होतात. एसएसडी या नावाने ओळखली जाणारी घनावस्था साठवण पुष्कळ जलद असते. परंतु वीज गेल्यास कॅश स्मृतीतील मजकूर वाचविणारे धारित्र तीत नसेल, तर प्रत्येक नोंद कायम करताना तिचा वेग अनेक पटींनी घसरतो. पाचव्या प्रकारच्या रेड रचनेत एका लहान लेखनासाठी दोन वाचने व दोन लेखने करावी लागतात.

(२) जाळे : १ गिगाबिट क्षमतेच्या मार्गातून सेकंदास १२५ मेगाबाइटपेक्षा अधिक माहिती जाऊ शकत नाही; प्रत्यक्षात ११० ते ११८ मेगाबाइट मिळते. सेफमध्ये तीन प्रती असल्यास प्रमुख यंत्राला दोन प्रती बाहेर पाठवाव्या लागतात, त्यामुळे त्या यंत्रामार्फत होणारे लेखन मार्गाच्या क्षमतेच्या निम्म्याहून अधिक वेगाने होत नाही. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सु. २ लाख किमी. वेगाने जातो. म्हणजे १०० किमी. अंतरावरील यंत्राकडून पोच येण्यास किमान १ मिलिसेकंद लागतो व कोणत्याही उपकरणाने हा काळ कमी करता येत नाही.

(३) आभासी स्तर : जुन्या तबकडी-नियंत्रकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या चालकापेक्षा व्हर्टिओसारखा आभासी यंत्रासाठीच रचलेला चालक अधिक कार्यक्षम असतो. मूळ प्रत राखून बदल वेगळे नोंदविणाऱ्या फायलींची साखळी लांबली, तर लेखन रेंगाळते. विभागाची सुरुवात ६३ व्या क्षेत्रापासून करण्याची जुनी पद्धत ४,०९६ बाइटच्या क्षेत्रांशी जुळत नाही. अशा वेळी ४ किलोबाइटच्या एका लेखनासाठी दोन क्षेत्रे वाचून पुन्हा लिहावी लागतात.

(४) आनुषंगिक नोंदी : डीआरबीडी कोणत्या भागात लेखन चालू आहे याची नोंद ४ मेगाबाइटच्या खंडांनुसार ठेवते. लेखन दूरदूरच्या खंडांत होऊ लागले, की ही नोंदही वरचेवर बदलावी लागते. बंद पडलेले यंत्र परत आल्यावर चालणारे पुनर्मीलनही त्याच तबकड्या व तोच मार्ग वापरते.

निदानाची पद्धत : मार्गातील प्रत्येक टप्पा वेगळा मोजणे, हे निदानाचे मुख्य सूत्र होय. प्रथम पुनर्मीलन चालू नाही याची खात्री करतात. नंतर दोन्ही यंत्रांच्या तबकड्यांचा वेग स्वतंत्रपणे मोजतात. वापरात असलेल्या तबकडीवर थेट लेखनचाचणी केल्यास तीवरील माहिती नष्ट होते, म्हणून चाचणीसाठी राखून ठेवलेला विभागच वापरतात. त्यानंतर जाळ्याचा विलंब व वहनदर मोजतात. पुढे यजमान संगणकावरून प्रतिकृत साठवणीवर व अखेरीस आभासी सर्व्हरमधून लेखन करून पाहतात. ज्या टप्प्यावर वेग एकदम घसरतो तेथे दोष असतो. डीआरबीडीमध्ये दुसऱ्या यंत्राशी असलेला संबंध थोडा वेळ तोडूनही तपासणी करता येते. वेग लगेच वाढला, तर दोष जाळ्यात वा पलीकडील तबकडीत असतो. न वाढल्यास तो स्थानिक असतो. मात्र तेवढा काळ माहितीची एकच अद्ययावत प्रत असते, हे विसरता कामा नये.

मोजमाप करताना मजकूर केवळ स्मृतीत साठून राहिला, तर तबकडीच्या क्षमतेपेक्षाही अधिक आकडे मिळतात. म्हणून प्रत्येक लेखन कायम करण्याची अट घालून, प्रत्यक्ष कामातील आकाराच्या मजकुराने व पुरेसा वेळ चाचणी करतात.

उपाय व मर्यादा : वीज गेल्यावरही टिकणारी कॅश स्मृती, प्रतिकृतीसाठी स्वतंत्र व कमी विलंबाचा मार्ग, योग्य चालक, विभागांची योग्य मांडणी व पुनर्मीलनाच्या वेगावर मर्यादा या उपायांनी सुरक्षिततेला बाध न येता वेग वाढतो. याउलट मजकूर कायम करण्याच्या आज्ञा दुर्लक्षित करणे किंवा पोच लवकर देणे या उपायांनीही वेग वाढतो. पण त्याची किंमत अपघाताच्या वेळी मोजावी लागते. प्रवाशाला आरक्षणाची वा खातेदाराला भरण्याची पोच मिळालेली असते आणि वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती नोंद कोठेच सापडत नाही. विजेरीचा आधार असलेल्या नियंत्रकावर मजकूर कायम करण्याच्या आज्ञा वगळणे योग्य ठरते. त्या आधाराशिवाय ते धोक्याचे असते. दूर अंतरावरील प्रतीसाठी ‘अ’ पर्याय स्वीकारतात, तेव्हा अखेरच्या काही नोंदी गमावण्याची शक्यता जाणूनबुजून पत्करलेली असते. कोणत्या कामासाठी किती नोंदींची हानी चालू शकेल, हे प्रथम ठरवून मगच वेगाची अपेक्षा निश्चित करणे इष्ट असते. प्रतिकृती ही राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही, कारण चुकून पुसलेली माहिती सर्व प्रतींवरून एकाच वेळी पुसली जाते.