अंग न आखडणारे कासव

कासव म्हटले की अंग आखडून घेणारा, निरुपद्रवी जीव डोळ्यांपुढे येतो. स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना गीतेनेही त्याचाच दृष्टान्त दिला आहे. उत्तर अमेरिकेतील ‘स्नॅपिंग टर्टल’, म्हणजे चावरे कासव, मात्र या दृष्टान्तात बसत नाही; कारण अंग आखडण्याची सोयच निसर्गाने त्याला दिलेली नाही. त्याचे पोटाकडील कवच अगदी लहान, फुलीच्या आकाराचे असते. जाड मान, दणकट पाय आणि करवतीसारखी दातेरी लांब शेपटी हे सारे बाहेरच राहते.

म्हणूनच ते चावते. पाण्यात माणसाची चाहूल लागताच ते निमूटपणे दूर जाते. जमिनीवर गाठले गेले तर मात्र मान विजेसारखी पुढे फेकून जबड्याने पकड घेते. १८०७ च्या व्यापारबंदीची टर उडविणाऱ्या एका अमेरिकन व्यंगचित्रात ते चोरट्या व्यापाऱ्याच्या तुमानीचा मागून चावा घेताना दाखविले होते. फिलाडेल्फियाकरांनी तर त्याचे सूप करून त्याची कीर्ती वाढविली! तरीही २००६ साली न्यूयॉर्क राज्याने याच कासवाला राज्याच्या सरपटणाऱ्या प्राण्याचा मान दिला.

मे-जूनमध्ये मादी तळे सोडून कोरड्या, वाळूसर जागेच्या शोधात निघते. मागच्या पायांनी खळगा खोदून ती वीस-चाळीस वाटोळी अंडी घालते, माती लोटते आणि परत फिरते. कासवी नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, ही आपल्या संतांची लाडकी कल्पना. येथे आई पिलांचे तोंडही पाहत नाही. पिलू नर की मादी, हे मातीच्या उबेवर ठरते. मध्यम उष्णतेत बहुधा नर निपजतात. फार थंड अथवा फार उष्ण मातीत माद्या.

पुष्कळशी घरटी रॅकून, कोल्हे नि स्कंक उकरून खातात. ऑन्टारिओतील अल्गॉन्क्विन उद्यानात १९७२ पासून या कासवांचा अभ्यास चालू आहे. तेथील थंडीत मादी वयात येण्यास सतरा-अठरा वर्षे लागतात आणि हजार अंड्यांतून एखादे कासव प्रौढ होते की नाही, अशी स्थिती. हा तोटा भरून निघतो तो केवळ प्रौढांच्या दीर्घायुष्याने. काही कासवे शंभरी गाठत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हिवाळ्यात बर्फाखाली ती महिनोन्महिने श्वासावाचून निपचित पडून असतात. १९८६ ते १९८९ या काळात अशाच वेळी पाणमांजरांनी त्यांच्यावर हल्ले केले आणि निम्म्याहून अधिक प्रौढ कासवे गेली. उद्यानात शिकार नाही, वस्ती नाही. पण दोन दशके उलटल्यावरही ती संख्या पूर्ववत झाली नव्हती. एरवी जे पाणमांजरांनी क्वचित केले, ते मोटारी दर उन्हाळ्यात करतात. कारण अंड्यांसाठी मादीला रस्त्याकडेची खडी फार पसंत पडते. ऑन्टारिओने २०१७ साली तिची शिकार बंद केली, परंतु रस्ते कोण बंद करणार?

अशी मादी वाटेत आढळल्यास तिला शेपटीने उचलू नये. तिच्या कण्याला इजा होते. मागून फावड्याने हलकेच पुढे सारावे आणि तेही ती ज्या दिशेला निघाली असेल त्याच दिशेला. दया येऊन तळ्याकडे परत नेल्यास ती पुन्हा तोच रस्ता ओलांडू लागते.