नशीब की नटबोल्ट?

वर्षभर खपून उभी केलेली गाडी शर्यतीच्या ऐन मध्यावर रुसते. पोरं कपाळावर हात मारून म्हणतात, ‘बॅड लक!’ पण हौशी मोटारशर्यतीत दुर्दैवाच्या खात्यावर जे जमा होतं, त्यातलं खरं दुर्दैव किती आणि आपलाच हलगर्जीपणा किती?

स्थळ : कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे. महिना जानेवारीचा. ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेचा शेवटचा आणि सर्वांत कठीण टप्पा सुरू आहे. देशभरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या, उघड्या चाकांच्या, एका माणसाच्या छोट्या गाड्या केशरी शंकूंमधून वळणं घेत धावताहेत. अंतर एकूण सुमारे २२ किलोमीटर. निम्मं अंतर झालं की गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, पहिल्या चालकाने उतरायचं, दुसऱ्याने बसायचं. त्यासाठी वेळ फक्त तीन मिनिटं.

दुसरा चालक बसतो. पट्टे आवळले जातात. तो बटण दाबतो. स्टार्टर घरघरतो... आणि गप्प होतो. पुन्हा बटण, पुन्हा घरघर. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या वीस-पंचवीस पोरांचा श्वास अडकलेला. गाडीला धक्का मारायला परवानगी नाही, बाहेरून दुसरी बॅटरी लावायला परवानगी नाही. गाडी स्वतःच्या बळावर सुरू झाली नाही, तर शर्यत संपली!

हे दृश्य कुणा एका कॉलेजचं नाही. या खेळात ते वर्षानुवर्षं कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतच असतं. आणि दर वेळी तोच शब्द ऐकू येतो : बॅड लक.

रायपूर ते कोइमतूर

हा शब्द रायपूरच्या घरांतही पोचायला वेळ लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणूस रुजला आहे. रायपूरला महाराष्ट्र मंडळ आहे, आणि मुलाने इंजिनीअर व्हावं ही इच्छा तिथल्या मराठी घरातही पुण्या-नागपूरइतकीच प्रबळ आहे. गावातच १९५६ साली सुरू झालेलं आणि २००५ मध्ये एनआयटी झालेलं नामवंत कॉलेज आहे. दुसऱ्या वर्षाला गेलेला मुलगा एके दिवशी जेवताना सांगतो, ‘‘आम्ही कॉलेजात रेसिंग कार बनवणार आहोत.’’ आई विचारते, ‘‘बनवा की. पण चालवणार कोण?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. मोटारशर्यतीचे कायमस्वरूपी ट्रॅक आपल्या देशात मोजकेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. रायपूरहून कोइमतूर गाठायचं म्हणजे रेल्वेचा दीड दिवसाचा प्रवास. साहजिकच छोट्या-मोठ्या शहरांतल्या पोरांचा सराव होतो तो कॉलेजच्या पार्किंगमध्ये, नाहीतर मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर. खरा ट्रॅक दिसतो तो थेट स्पर्धेच्या दिवशीच!

या खेळाचं मूळ अमेरिकेत. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या आवारात १९८१ मध्ये ‘फॉर्म्युला एसएई’ सुरू झाली. १९९८ मध्ये इंग्लंडने आणि २००६ मध्ये जर्मनीने ती कल्पना उचलली. आपल्याकडे २०११ पासून ‘सुप्रा’ ही स्पर्धा आली, पुढे ‘फॉर्म्युला भारत’ही. पुण्याचं सीओईपी, मुंबईची सोमय्या आणि द्वारकादास संघवी ही कॉलेजं, पवईची आयआयटी या सगळ्यांचे संघ या वेडाने झपाटलेले. आयआयटीच्या पोरांनी तर विजेवर चालणारी गाडी बनवून इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनपर्यंत नेली. पेट्रोल गाड्यांतल्या अनेकांच्या पोटात असतं ते ३७३ सीसीचं केटीएम इंजिन, म्हणजे आपल्या चाकणच्या कारखान्यातलं. नियमाप्रमाणे त्याला श्वास घ्यायचा तो फक्त २० मिलिमीटरच्या चिंचोळ्या नळीतून, म्हणजे ताकद आपोआप आटोक्यात राहते.

त्याआधीही भारतात हौशी लोकांची फॉर्म्युला शर्यत होतीच. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ती रंगायची. पण खर्च राजेरजवाड्यांना आणि उद्योगपतींनाच परवडणारा. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनवर स्वस्तातली ‘फॉर्म्युला मारुती’ उभी केली आणि मध्यमवर्गीय पोराला दार उघडून दिलं. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाडीत बसला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कारी स्पीडवे हे त्यांचंच स्मारक.

‘साडेसाती’चा हिशेब

आता पुन्हा त्या बंद पडलेल्या गाडीकडे वळू. तिला काय झालं होतं?

अशा वेळी कारण बहुधा साधंच निघतं. वजन वाचवायचं म्हणून पोरं छोटी बॅटरी बसवतात. अकरा किलोमीटर इंजिन तापतं, रेडिएटरचा पंखा आणि पेट्रोलचा पंप बॅटरी पीत राहतात. मग गाडी थांबते. थांबलेल्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे उष्णता आणखी चढते. नेमक्या याच क्षणी तापलेलं इंजिन फिरवायला स्टार्टरला भरपूर ताकद हवी असते, आणि बॅटरीत ती उरलेली नसते. कॉलेजात गाडी शंभर वेळा सुरू झालेली असते, पण थंड असताना. ‘तापवा, बंद करा, तीन मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा’ ही परीक्षा घरी कुणी घेतलेलीच नसते. याला साडेसाती म्हणायचं की अभ्यास न करता पेपरला बसणं?

अशी उदाहरणं ढिगाने सापडतात. चाकाला सांभाळणाऱ्या दांड्यांच्या सांध्यातला नट सैल होतो आणि चाक वाकडं होतं. तेलाचा एक थेंब ट्रॅकवर पडतो आणि अधिकारी गाडी थांबवतात. साखळी उतरते. ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं एकाच वेळी जखडली जायला हवीत. तीन जखडतात, चौथं फिरत राहतं, आणि गाडीला धावण्याची परवानगीच मिळत नाही.

नियमावली वाचली तर एक गंमत लक्षात येते. यातल्या जवळजवळ प्रत्येक ‘दुर्दैवा’साठी तिथे एक ओळ आधीच लिहून ठेवलेली आहे. महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे नटाच्या बाहेर दिसलेच पाहिजेत. नट आपोआप सुटू नये म्हणून तो कुलूपबंद जातीचा हवा. जिथे उष्णता जास्त, तिथे नायलॉनचं कडं असलेला नट चालणार नाही, कारण नायलॉन मऊ पडतं. गाडी ६० अंशांत कलती केली तरी उलटता कामा नये, आणि कलती असताना पेट्रोल गळता कामा नये. नाकाडात बसवलेला ठोकळा असा हवा, की ३०० किलोची गाडी ताशी पंचवीस किलोमीटरने भिंतीवर आदळली तर धक्का त्याने स्वतः चुरडून घेऊन पचवावा.

म्हणजे कुणाची तरी गाडी कधीतरी तशीच फसली होती. दुसऱ्याचं नशीब फुटलं, म्हणून आपल्याला नियम मिळाला.

उघडी चाकं का भितीची?

साध्या मोटारीची चाकं पत्र्याच्या आत असतात. फॉर्म्युला गाडीची बाहेर. दोन गाड्या पुढे-मागे धावताना मागच्या गाडीचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला टेकलं, तर काय होतं? पुढच्या गाडीचं चाक फिरताना त्याची मागची कड खालून वर जात असते. ती मागच्या चाकाला वर खेचते आणि मागची गाडी अक्षरशः चढून हवेत उडते. यात चालकाचं कौशल्य कामाला येत नाही.

म्हणूनच विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत गाड्यांना खांद्याला खांदा लावून पळवत नाहीत. लढत घड्याळाशी असते. मागून वेगवान गाडी आली, तर निळा झेंडा दाखवून ठरावीक जागेतच तिला पुढे काढतात. शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड. इथे ‘अपघात’ झाला तर तो बहुतेक वेळा शंकूंशीच होतो.

पण याच रस्त्याने पुढे जाऊन खऱ्या शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी हिशेब बदलतो. १९ जुलै २००९ रोजी इंग्लंडच्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर १८ वर्षांचा हेन्री सर्टीस फॉर्म्युला टूच्या शर्यतीत होता. दुसऱ्याच गाडीचं निखळलेलं चाक त्याच्या डोक्यावर येऊन आदळलं आणि तो गेला. त्याची स्वतःची काहीच चूक नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये डॉनिंग्टनला फॉर्म्युला फोरच्या शर्यतीत १७ वर्षांचा बिली मोंगर ट्रॅकवर थांबलेल्या गाडीवर आदळला. समोरची गाडी दिसायला त्याला वेळच मिळाला नाही. त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. वर्षभरात तो हातांनी चालवायच्या गाडीत परतला आणि २०१९ मध्ये फ्रान्समधली पो ग्रां प्री त्याने जिंकूनही दाखवली.

आपल्याकडेही जखम ताजी आहे. ८ जानेवारी २०२३ रोजी इरुंगट्टुकोट्टईला राष्ट्रीय कार शर्यतीत ५९ वर्षांचे अनुभवी के. ई. कुमार दगावले. त्यांची गाडी तर बंद छपराची होती. दुसऱ्या गाडीला लागून ती ट्रॅकबाहेर गेली आणि उलटली. अनुभव होता, डॉक्टर हजर होते, तरी जीव वाचला नाही.

खरं दुर्दैव म्हणतात ते हे. ते नट आवळून टळत नाही. मात्र त्याची धार बोथट करता येते. चाक निखळलं तरी दूर उडू नये म्हणून ते दोरांनी बांधतात. डोक्यावरून जाणारी ‘हेलो’ नावाची कमान २०१८ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली आणि पुढे फॉर्म्युला फोरपर्यंत उतरली. २०२० मध्ये बहारीनला रोमां ग्रोजांची गाडी दुभंगून पेटली, तेव्हा या कमानीमुळेच त्याचं डोकं वाचलं आणि तो आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतही प्रत्येक चालकाला हेल्मेट, हातमोजे, पट्टे अशा पूर्ण जामानिम्यात बसवून घड्याळ लावतात. पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं नाही, तर तो चालक बाद!

आईने काय विचारावं?

इथेच रायपूरच्या त्या आईचा प्रश्न पुन्हा समोर येतो. स्पर्धेच्या ट्रॅकवर तपासनीस असतात, आग विझवणारे असतात, रुग्णवाहिका असते. पण स्पर्धा चार-पाच दिवसांची. त्याआधी कित्येक महिने तीच गाडी, तेच उत्साही पोरगं, आणि जागा कॉलेजचं पार्किंग. तिथे झेंडा कोण दाखवतो? विजेच्या खांबाभोवती जुने टायर कोण रचतं? काळजी करायचीच तर ती कोइमतूरची कमी आणि पार्किंगची जास्त करावी.

म्हणून ‘नको रे बाबा’ म्हणण्यापेक्षा पालकांनी चार साधे प्रश्न विचारावेत. सरावाच्या वेळी प्राध्यापक हजर असतात का? आग विझवायचं नळकांडं भरलेलं आहे का, आणि ते हातात घेऊन कुणी उभं असतं का? हेल्मेट शर्यतीच्या दर्जाचं आहे की स्कूटरचं? पट्ट्यांवर छापलेली मुदत संपलेली तर नाही ना? आणखी एक. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायला कायद्याने मनाई आहे. ‘रात्री रस्ता रिकामाच असतो’ हे उत्तर कुणी दिलं, तर तिथेच थांबवावं.

पाचवा प्रश्न झोपेचा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पोरं रात्र-रात्र जागून गाडी जोडतात. सैल राहिलेला नट पहाटे तीन वाजता राहिलेला असतो.

यावर काही संघांनी शोधलेला उपाय अगदी दोन पैशांचा आहे. नट पुरता आवळला, की त्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एकच रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. गाडी ट्रॅकवर जाण्याआधी संघातला सगळ्यात धाकटा मुलगा वाकून या रेघा एकेक करून पाहत जातो. गाडीच्या नाकावर लिंबू-मिरची बांधायला हरकत नाही. फक्त ती रेघा पाहून झाल्यावर बांधावी.

तीन मिनिटं संपतात. ती गाडी सुरू होत नाही. पोरं तिला ढकलत आत नेतात. कुणी रडतं, कुणी उगाच हसतं. थोड्या वेळाने त्यातलाच एक जण वही उघडतो आणि पुढच्या वर्षीच्या कामांची यादी लिहू लागतो. पहिली ओळ : ‘मोठी बॅटरी. गरम इंजिन सुरू करून पाहणे, वीस वेळा.’

वहीत ‘बॅड लक’ला जागा नसते.